तबकडी आणि तार

शहरांतील कांहीं घरांत, पुस्तकांच्या कपाटाच्या तळाशीं किंवा दूरध्वनीच्या तारा भिंतींतून जेथें आंत येतात त्या कोपऱ्यांत, हल्लीं एक लहानशी काळी पेटी ठेवलेली आढळते. तिला पडदा नसतो, कळफलक नसतो. पुढच्या बाजूस दोन-चार हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि रात्रीं घर शांत झालें म्हणजे तिच्यांतून बारीक घरघर ऐकूं येते. घरांतील माणसांचीं छायाचित्रें, मुलीच्या लग्नाचें चित्रण, वडिलांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण, घरपट्टीच्या पावत्या, असें सर्व कांहीं त्या पेटींत असतें. आणि घरांतील कोणत्याही संगणकावरून अथवा फोनवरून तें काढून पाहतां येतें. बाजारांत तिला ‘नेटवर्क स्टोरेज’ म्हणतात. मी आजच्यापुरतें तिला ‘घरचें कोठार’ म्हणणार आहें.

असें कोठार बाळगणाऱ्या गृहस्थास दोन-तीन वर्षांनीं एक हुरहूर लागते. आंतल्या तबकड्या काढून अधिक वेगवान बसवाव्या काय? तार जेथें जोडली जाते तेथील कार्ड बदलून दसपट वेगाचें घालावें काय? दुकानदार दोन्ही विकावयास तयारच असतो. परंतु या दोहोंपैकीं आधीं काय बदलावें आणि बदलून पदरांत काय पडतें, हें समजावयाचें तर गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. तबकडी आणि तार यांची ती शर्यत आहे. कधीं एक पुढें, कधीं दुसरी. आणि जी मागें पडली असेल तिच्याच वेगानें घरचें काम चालतें.

प्रथम तबकडी. १९५६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें ‘रॅमॅक’ नांवाचें यंत्र जाहीर केलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें रेनॉल्ड जॉन्सन यांच्या देखरेखीखालीं तें तयार झालें होतें. त्यापूर्वीं संगणकाची माहिती भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवीत. फितीची अडचण अशी कीं, मधली एखादी नोंद पाहिजे असली तर आरंभापासून सर्व गुंडाळी उलगडावी लागे. उत्तररंग ऐकावयाचा असला तरी पूर्वरंग संपेपर्यंत बसावें लागतें, तसाच तो प्रकार. जॉन्सन यांच्या मंडळींनीं दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर ओंविल्या, त्यांवर चुंबकीय लेप दिला, आणि मिनिटास १२०० फेऱ्या या गतीनें त्या फिरविल्या. वाचणारा हात वरखालीं सरकून तबकडी निवडी आणि आंतबाहेर सरकून तिच्यावरील वर्तुळ निवडी. पाहिजे ती नोंद सरासरी ६०० मिलिसेकंदांत सांपडे. या सर्व खटाटोपाचें वजन सुमारें एक टन होतें. मासिक भाडें ३,२०० डॉलर. आणि त्यांत मावत होतीं ५० लाख अक्षरें. आज आपल्या खिशांतील फोननें काढलेलें एखादें छायाचित्र तेवढी जागा सहज व्यापतें.

रॅमॅक सेकंदाला ८,८०० अक्षरें वाची. म्हणजे त्यांतील सर्व मजकूर सलग वाचावयाचा म्हटला तर साडेनऊ मिनिटें लागलीं असतीं. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची कथा थोडक्यांत सांगतां येईल. १९७३ सालीं आय. बी. एम. नेंच ‘विंचेस्टर’ या टोपणनांवानें ओळखली जाणारी तबकडी काढली. तिच्यांत तबकड्या व वाचणारे हात एकाच बंद डब्यांत घालून धुळीचा प्रश्न बव्हंशीं सोडविला होता. १९८० सालीं सीगेट कंपनीनें सव्वापांच इंच व्यासाची, ५ मेगाबाइटांची तबकडी बाजारांत आणली, आणि एका टनाचें काम मांडीवर मावूं लागलें. बाइट म्हणजे अदमासें एक अक्षर, आणि त्याचे आठ बिट, एवढें गणित पुढील विवेचनास पुरेसें आहे. यंत्राच्या वाचणाऱ्या टोंकाची संवेदनशीलता मात्र एका निराळ्याच दिशेनें वाढली. १९८८ च्या सुमारास फ्रान्समधील आल्बेर फेर आणि जर्मनींतील पीटर ग्रूनबर्ग या दोघां शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणें असें आढळलें कीं, अणूंच्या मोजक्या थरांइतके पातळ चुंबकीय पापुद्रे एकमेकांवर रचले तर अल्पशा चुंबकत्वानेंही त्यांचा विद्युत्-रोध पुष्कळ बदलतो. या निव्वळ शास्त्रीय शोधाचा उपयोग १९९७ सालीं आय. बी. एम. च्या विक्रीच्या तबकडींत झाला. २००७ सालीं दोघांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि त्याच वर्षीं हिताची कंपनीनें १ टेराबाइटची, म्हणजे दहा लाख मेगाबाइटांची, पहिली घरगुती तबकडी विकावयास काढली.

आतां एक हिशेब करूं. १९८० ची ती ५ मेगाबाइटांची तबकडी सेकंदाला ५० लाख बिट, म्हणजे सव्वासहा लाख बाइट देई. ती संपूर्ण वाचण्यास, मधली थांबाथांब सोडली तर, ८ सेकंद पुरत. आज घरच्या कोठारांत बसणारी २० टेराबाइटची तबकडी सेकंदाला २५० मेगाबाइट देते असें धरूं. सांठवण ४० लाख पटींनीं वाढली. वाचण्याचा वेग वाढला अवघा ४०० पटींनीं. त्यामुळें संपूर्ण तबकडी वाचण्यास ८ सेकंदांऐवजीं ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांहून अधिक काळ लागतो! रॅमॅकचीं साडेनऊ मिनिटें आठवा. यंत्र सुधारत गेलें तसतसें तें पुरतें वाचून काढणें अधिकाधिक दीर्घ होत गेलें, हा या इतिहासांतील मोठा विपर्यास आहे. त्याचें कारण मात्र साधें आहे. सांठवण वाढते ती दोन वाटांनीं: वर्तुळें एकमेकांच्या जवळ आणून, आणि प्रत्येक वर्तुळावर अक्षरें दाट लिहून. वेग वाढतो तो फक्त दुसऱ्या वाटेनें. आणि तबकडी फिरण्याची गति? ती १९८० सालीं मिनिटास ३,६०० फेऱ्या होती, आज ७,२०० आहे. १५,००० फेऱ्यांच्या तबकड्याही मोठ्या कचेऱ्यांसाठीं निघाल्या होत्या. परंतु त्या तापत, आवाज करीत, आणि त्यांत मावे थोडें.

तबकडीची बाजू तूर्त येथें ठेवूं व तारेकडे वळूं. येथें नभोवाणीच्या श्रोत्यांना आपल्याच घरची गोष्ट ऐकल्यासारखें वाटेल, कारण या तारेचा वंश बिनतारी आहे. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर एकच विद्यापीठ, पण त्याच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या. त्यांना मुख्य संगणकाशीं जोडण्यासाठीं नॉर्मन अब्रॅमसन यांनीं १९७१ सालीं ‘अलोहा’ नांवाची बिनतारी योजना सुरू केली. तिची गंमत अशी कीं, बोलण्याची पाळी ठरवून देणारा कोणी नव्हता. ज्याला सांगावयाचें त्यानें बेधडक सांगावें; दोघे एकदम बोलले आणि शब्द एकमेकांत मिसळले, तर पोंच येणार नाहीं; मग प्रत्येकानें वाटेल तितका, पण एकमेकांहून निराळा काळ थांबून पुन्हां सांगावें. अराजकच हें! तरीही तें चाले. मात्र गणितानें पाहतां अशा रीतीनें उपलब्ध वेळेपैकीं फार तर १८ टक्के वेळच कामीं लागतो. बाकीचा गलक्यांत आणि गप्प बसण्यांत जातो.

कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ हे तरुण अभियंते होते. एका इमारतींतील अनेक संगणक एकमेकांशीं आणि नव्या छपाईयंत्राशीं जोडण्याचें काम त्यांच्याकडे होतें. अब्रॅमसन यांची युक्ति त्यांना ठाऊक होती. तिच्यांत त्यांनीं सभ्यतेचे दोन नियम घातले. बोलण्यापूर्वीं कान देऊन ऐकावें, कोणी बोलत असेल तर थांबावें. आणि स्वतः बोलतांनाही ऐकत राहावें, म्हणजे दोघे एकदम सुरू झाल्यास दोघांनाही तत्क्षणीं समजेल व उगाच वाक्य पुरें करण्यांत वेळ जाणार नाहीं. आपल्या सभासंमेलनांतून हे दोन नियम पाळले जातील तर केवढा वेळ वांचेल! २२ मे १९७३ रोजीं लिहिलेल्या एका टिपणांत मेटकाफ यांनीं या योजनेला ‘इथरनेट’ हें नांव दिलें. एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ प्रकाश वाहून नेणारें म्हणून जें सर्वव्यापी द्रव्य कल्पीत, तें ईथर. १८८७ सालीं मायकेल्सन व मोर्ले यांच्या प्रयोगानें त्याचा पत्ता लागत नाहीं असें दिसून आलें होतें. पदार्थविज्ञानानें टाकलेला तो शब्द मेटकाफ यांनीं उचलून एका जाड तारेला दिला. डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्यानें ती प्रत्यक्षांत आली तेव्हां तिचा वेग सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट होता. १९८० सालीं डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनीं मिळून १ कोटि बिटांचें प्रमाण जाहीर केलें, आणि १९८३ सालीं अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें त्यावर शिक्कामोर्तब केलें.

या तारेला प्रतिस्पर्धीही होता. आय. बी. एम. नें १९८५ सालीं ‘टोकन रिंग’ ही पद्धति आणली. तिच्यांत बोलण्याचा परवाना हातोहात वर्तुळाकार फिरे आणि तो ज्याच्या हातीं तोच बोले. ती शिस्तीची होती, आणि कांहीं बाबतींत गुणानेंही सरस होती असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु इथरनेट स्वस्त, आणि तिचीं कार्डें अनेक कारखानदार बनवीत. बाजारानें गलकाच पसंत केला. पुढें १९९० सालीं गलकाही थांबला. त्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील एका नव्या कंपनीनें इथरनेटचा पहिला ‘स्विच’ विक्रीस आणला. त्यामुळें एकाच तारेवर सर्वांनीं बोलण्याऐवजीं ज्याचें बोलणें त्यालाच पोंचवितां येऊं लागलें. त्या कंपनीच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज होते, आणि कंपनीचें नांव होतें ‘कल्पना’. असें नांव परक्या मुलखांतील यंत्रावर झळकलेलें पाहून कोणा मराठी माणसास बरें वाटणार नाहीं?

तारेचा वेग मग टप्प्याटप्प्यानें दसपट होत गेला. १९९५ सालीं सेकंदाला १० कोटि बिट. १९९९ सालीं साध्या तांब्याच्या तारेवर १०० कोटि, यालाच गिगाबिट म्हणतात. २००२ सालीं कांचेच्या तंतूवर १० गिगाबिट आणि २००६ सालीं तेंच तांब्यावर. येथें एक बारीकशी खोंच आहे. तारेचा व्यापारी बिटांत बोलतो आणि तबकडीचा व्यापारी बाइटांत. एकानें शेरांत आणि दुसऱ्यानें मणांत भाव सांगावा तसें हें आहे. गिगाबिटला आठानें भागा, म्हणजे १२५ मेगाबाइट उरतात. हा भागाकार न केल्यामुळें पुष्कळ गृहस्थांचे पैसे वायां गेले आहेत.

तार संगणकाच्या दारापर्यंत आली. आंत शिरावयाचें कसें? १९८१ च्या ऑगस्टमध्यें निघालेल्या आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकांत पांच खांचा मोकळ्या ठेविल्या होत्या, आणि त्या खांचांची सर्व तांत्रिक माहिती कंपनीनें छापून प्रसिद्ध केली होती. माझ्या मतें त्या यंत्राचा खरा मोठेपणा या मोकळ्या खांचांत होता. आंत काय बसवावें हें ज्याचें त्यानें ठरवावें, अशी ती मोकळीक होती. मेटकाफ यांनीं १९७९ सालीं स्वतःची ‘थ्री-कॉम’ ही कंपनी काढली होती. तिनें १९८२ सालीं या खांचेंत बसणारें इथरनेट-कार्ड विकावयास आणलें. तेव्हां तार पुढें होती आणि तबकडी मागें: तार सेकंदाला १ कोटि बिट देऊं शके, आणि घरगुती तबकडी ५० लाखच. ही स्थिति कायम राहिली नाहीं. इंटेलनें १९९२ सालीं ‘पीसीआय’ नांवाची नवी खांच आणली. ती सेकंदाला १३३ मेगाबाइट देई, पण ते सर्व कार्डांत मिळून. गिगाबिटचें कार्ड जाणारा-येणारा मजकूर धरून २५० मेगाबाइट मागे. वाडा मोठा आणि बोळ अरुंद, असा तो घोटाळा झाला.

२००३ सालीं आलेल्या ‘पीसीआय एक्स्प्रेस’ या पद्धतीनें बोळाच्या जागीं प्रत्येक कार्डाला स्वतंत्र मार्गिका दिल्या. पाहिजे त्यानें एक घ्यावी, चार घ्याव्या, आठ घ्याव्या. या कामांत ज्यांचा वांटा होता त्यांपैकीं अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. आपण रोज वापरतों ती यूएसबीची जोडणीही प्रामुख्यानें त्यांच्याच नांवावर आहे. सयाजीरावांनीं विद्येवर केलेल्या खर्चाचें फळ किती दूर जाऊन पडलें पहा.

तार आली, कार्ड आलें. तथापि दुसऱ्या यंत्रावरील कागद आपल्याच टेबलाच्या खणांतला असल्यासारखा दिसावा, ही सोय अजून व्हावयाची होती. ती १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत झाली. १९८२ सालीं स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या चार संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. या कंपनीनें ‘एनएफएस’ ही पद्धति काढली व तिचे नियम सर्वांना खुले केले. आय. बी. एम. मध्यें बॅरी फायगेनबॉम यांनीं दुसरी एक पद्धति रचली. तिचीं आद्याक्षरें एस, एम, बी. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानें १९९२ च्या आरंभीं तिच्याशीं जुळणारी विनामूल्य कार्यावली प्रसिद्ध केली, आणि पुढें नांवाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हां शब्दसूचींत हीं तीन अक्षरें क्रमानें असणारे शब्द शोधले. त्यांत ‘सांबा’ हा ब्राझीलचा नाच निघाला! आज बहुतेक घरच्या कोठारांत याच सांबाची चाकरी चालते.

आतां या पेटींत दोन, चार, कधीं आठ तबकड्या कां असतात तें सांगतों. १९८८ सालीं बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, एका महाग मोठ्या तबकडीपेक्षां अनेक स्वस्त लहान तबकड्यांची फळी वापरावी. एक बिघडली तरी बाकीच्यांवरून तिच्यांतील मजकूर पुन्हां काढतां येईल अशी तजवीज करावी. ही तजवीज शाळकरी मुलासही समजेल. एका वहींत ७ लिहिले, दुसरींत ५, आणि तिसरींत बेरीज १२. कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या दोहोंवरून तिचा आंकडा निघतो. यास ‘रेड’ म्हणतात. निबंधांत त्या नांवांतील एका अक्षराचा अर्थ ‘स्वस्त’ असा होता. कारखानदारांनीं पुढें तो बदलून ‘स्वतंत्र’ असा केला. त्याचें कारण मी सांगण्याची गरज नाहीं.

ही सर्व सामग्री कचेऱ्यांतून घरांत आली ती २००० नंतर. कॅमेऱ्यांतील फिल्म गेली, छायाचित्रें थेट संगणकांत येऊं लागलीं, आणि २००४ च्या सुमारास जपानच्या बफेलो व अमेरिकेच्या लिंक्सिस या कंपन्यांनीं घरगुती बेताचीं लहान यंत्रें विकावयास आणलीं. तैवानच्या सिनॉलॉजी व क्यूनॅप या कंपन्यांनीं मग त्यांतच आपला जम बसविला. ज्यांना हातानें जुळवाजुळव करण्याची हौस होती त्यांच्यासाठीं २००५ सालीं ‘फ्रीनॅस’ ही विनामूल्य कार्यावली निघाली. तिच्यामुळें माळ्यावर टाकलेला जुना संगणकही कोठार होऊं शके.

तेव्हांपासून शर्यतीचें पारडें फिरलें आहे. घरांतील तार १९९९ च्या गिगाबिटवरच, म्हणजे १२५ मेगाबाइटांवर, वर्षानुवर्षें खिळून राहिली. आणि तबकडी एकटीच २५० पर्यंत गेली. अशा घरांत केवळ तबकडी बदलून मोठ्या चित्रफितीची ने-आण तिळमात्र जलद होत नाहीं. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांच्या १९८० नंतरच्या संशोधनांतून जन्मलेल्या फ्लॅश स्मृतीची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. तिच्यांत फिरणारें कांहींच नाहीं; २०११ सालच्या ‘एनव्हीएमई’ पद्धतीनें ती सरळ एक्स्प्रेस मार्गिकांवर बसली आणि सेकंदाला तीन हजार मेगाबाइटांच्याही पुढें गेली. ती गिगाबिट तारेच्या टोंकाशीं बांधणें म्हणजे नळाच्या तोटीला धरणाचें पाणी जोडणें होय. मात्र येथें एक अपवाद आहे, आणि दुकानदार तो क्वचितच नीट सांगतो. हजारों लहान लहान छायाचित्रें एकदम उघडावयाचीं असतील तर प्रश्न वेगाचा नसून शोधण्याचा असतो. रॅमॅकला एक नोंद शोधण्यास ६०० मिलिसेकंद लागत. आजच्या फिरत्या तबकडीस सुमारें १२ लागतात. म्हणजे सत्तर वर्षांत फक्त पन्नासपट! फ्लॅश स्मृति हें काम एका मिलिसेकंदाच्याही लहानशा अंशांत करते. तेव्हां छायाचित्रांच्या सूचीसाठीं थोडी फ्लॅश घालणें शहाणपणाचें, आणि सगळें कोठार तिचें करणें बहुतेक घरांना अनावश्यक, असें माझें मत आहे.

तारेची कोंडी फुटली ती एका अनपेक्षित बाजूनें. कचेऱ्यांतील बिनतारी यंत्रें गिगाबिटहून जलद झालीं, आणि भिंतींत आधींच पुरलेल्या लक्षावधि तारा उपटण्यास कोणी तयार नव्हतें. म्हणून २०१६ सालीं अडीच व पांच गिगाबिटांचें प्रमाण मंजूर झालें; त्यांतील अडीचाचें प्रमाण जुन्या ‘पांच-ई’ जातीच्या तारेवरही १०० मीटरपर्यंत चालतें. बिनतारीच्या सोयीसाठीं आलेली ही सुधारणा घरच्या कोठारांना आयतीच लाभली. ज्यांची हांव याहून मोठी आहे ते मोठ्या संगणकगृहांतून बाद झालेलीं दहा गिगाबिटांचीं कार्डें जुन्या बाजारांतून स्वस्तांत घेतात. कार्डें चांगलीं असतात. पण तीं जोरदार पंख्यांच्या वाऱ्यांत राहण्यासाठीं बनविलेलीं असल्यामुळें घरच्या शांत पेटींत तापतात. शिवाय खांच आंखूड असेल तर फुकट: दहा गिगाबिट म्हणजे १२५० मेगाबाइट, आणि तिसऱ्या पिढीची एक्स्प्रेसची एक मार्गिका हजाराच्याही आंतच थांबते. चार मार्गिकांची खांच पाहूनच कार्ड घ्यावें. आणि दोन्ही टोंकांस कार्ड पाहिजे, मध्यें स्विचही त्याच वेगाचा पाहिजे, हें सांगण्याजोगें नसलें तरी सांगतों, कारण एकच कार्ड आणून निराश झालेलीं माणसें थोडीं नाहींत.

परंतु हा वेग पाहिजे कशाला? चित्रपट पाहण्यासाठीं नव्हे. त्याला गिगाबिटचा अल्पसा भागही पुरतो. वेग पाहिजे तो नकलेसाठीं. रेडच्या फळींतील एक तबकडी गेली म्हणजे नवी बसवून तिच्यावर सर्व मजकूर पुन्हां लिहावा लागतो. १९८८ सालीं निबंध लिहिला गेला तेव्हां हें काम मिनिटांचें होतें. आज तें दिवसाचें किंवा त्याहूनही अधिक आहे. तेवढा वेळ उरलेल्या जुन्या तबकड्या अखंड राबत असतात, आणि तेवढ्यांत त्यांतील दुसरी गेली तर तिन्ही वह्यांचें गणित संपलें. २०२० सालीं या बाबतींत एक प्रकरण गाजलें. तबकडींत अधिक मावावें म्हणून वर्तुळें कौलांसारखीं एकमेकांवर थोडीं चढवून लिहिण्याची एक पद्धति आहे. कोंकणांतल्या घरावर मधलें एक कौल बदलावयाचें तर वरचीं किती काढावीं लागतात हें ज्यानें पाहिलें आहे त्याला हिचा दोष लगेच कळेल: वाचणें ठीक, पण पुन्हां लिहिणें फार संथ. घरच्या कोठारांसाठीं म्हणून विकलेल्या तबकड्यांपैकीं कांहींत एका बड्या उत्पादकानें ही पद्धति न सांगतां वापरल्याचें उघडकीस आलें, तें नेमकें बिघडलेल्या फळ्या दुरुस्त करूं पाहणाऱ्यांच्या तक्रारींवरून. पुढें कोणत्या तबकड्या कौलारू आहेत त्याच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. तबकडी घेण्यापूर्वीं ती यादी पाहणें हें वेगाचे आंकडे पाहण्यापेक्षां अधिक अगत्याचें आहे.

आणि फळी शाबूत असली तरी ती एकाच पेटींत, एकाच घरांत असते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्यांत नदीकाठच्या पेठांतील किती घरांचे कागदपत्र व छायाचित्रें गेलीं त्याची गणती नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां तळमजल्यावरील घरांत संगणक पाण्याखालीं गेले. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें जमविलीं आणि १८९८ पासून तीं छापून काढूं लागले. त्यामुळें मूळ कागद वाळवीनें खाल्ला तरी मजकूर शंभर ठिकाणीं राहिला. घरच्या कोठाराचीही दुसरी नक्कल दुसऱ्या घरीं, भावाकडे, मुलीकडे, दुसऱ्या गांवीं असावी लागते. ती लोक कां करीत नाहींत? निष्काळजीपणामुळें, असें म्हणण्याची रीत आहे. मला तें पटत नाहीं. १ टेराबाइट मजकूर १९८३ च्या तारेवरून नेण्यास नऊ दिवसांहून अधिक लागले असते. गिगाबिटवरून सव्वादोन तास लागतात. अडीच गिगाबिटवरून एका तासाच्याही आंत काम होतें. पहिलें काम कोणी करणार नाहीं, दुसरें पुढल्या रविवारावर ढकललें जाईल, तिसरें जेवणें होईतों उरकतें. दुसऱ्या गांवची नक्कल गांवाबाहेरच्या तारेवर सोपविली तर अद्यापि फारच वेळ खाते. म्हणून पुष्कळ मंडळी पहिली प्रत घरींच जलद तारेनें सुट्या तबकडीवर उतरवितात आणि ती तबकडी पिशवींत घालून आगगाडीनें नेतात. मजकूर मोठा असला म्हणजे हा मार्ग पुष्कळदां तारेहून जलदही पडतो!

तबकडी इकडे थांबलेली नाहीं. २०२४ च्या जानेवारींत सीगेटनें लेसरच्या उष्णतेनें लिहिणाऱ्या ३० टेराबाइटांच्या तबकड्या जाहीर केल्या. सेकंदाला २७० मेगाबाइट हा वेग सर्वत्र सारखा मिळेल असें उदारपणें धरलें, तरी ती पुरती वाचण्यास सुमारें एकतीस तास लागतात; वस्तुतः आंतल्या वर्तुळांवर वेग बराच कमी होतो. शनिवारीं सकाळीं आठ वाजतां सुरुवात केली तर उत्तम परिस्थितींत ती रविवारीं दुपारीं तीनच्या सुमारास संपेल.